न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉन अधिक इलेक्ट्रॉन, असं समजायचं का?

तू विचारलंयस की बीटा डिकेमध्ये न्यूट्रॉनमधून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन निघतात, मग न्यूट्रॉन या दोघांचाच बनलेला असतो का. आणि नीटसाठी हा धडा किती करायचा.

नसतो. ज्यांनी तुला हे वहीत लिहून दिलं, त्यांना खालचा हिशेब दाखव.

१९९७ च्या मे महिन्यात नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या एका क्लासमध्ये मलाही हेच वाक्य लिहून दिलं होतं. साठेक पोरं, दोन कूलर, मागच्या बाकांवर निम्मं ऐकूच यायचं नाही. दादाच्या बीएस्सीच्या पुस्तकात मी स्पिनबद्दल, म्हणजे प्रत्येक कणाच्या फिरण्यासारख्या एका ठरलेल्या गुणाबद्दल, वाचलं होतं. उभी राहिले आणि विचारलं, सर, प्रोटॉनचा स्पिन अर्धा, इलेक्ट्रॉनचाही अर्धा, दोघांचा मिळून शून्य किंवा एक होईल, मग न्यूट्रॉनचा अर्धा कसा? सर म्हणाले, "कायले डोकं लावून राहिली? पेपरात येत नाही ते. बस." वर्ग हसला. बाबांनी फी एकरकमी भरलेली, त्यामुळे क्लास सोडता आला नाही, पण वर्षभर मी तिथे तोंड उघडलं नाही.

पुढे कळलं की याच शंकेवर मोठमोठे लोक अडले होते. १९३२ मध्ये चॅडविक या शास्त्रज्ञाने न्यूट्रॉन शोधेपर्यंत न्यूक्लियसमध्ये, म्हणजे अणूच्या केंद्रात, इलेक्ट्रॉन असतात असंच मानायचे. त्या हिशेबाने नायट्रोजन-१४ मध्ये १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे २१ कण. अर्ध्या स्पिनचे विषम कण, म्हणून एकूण स्पिन अर्ध्यातच यायला हवा. मोजला तर १.

स्पिन नको असेल तर वस्तुमान घे. प्रोटॉन ९३८.२७२, इलेक्ट्रॉन ०.५११, बेरीज ९३८.७८३ एमईव्ही (ऊर्जेचं एकक, कणांचं वस्तुमानही यातच मोजतात). न्यूट्रॉन ९३९.५६५. बांधलेली वस्तू सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा हलकी असते, इथे ती ०.७८२ ने जड आहे! प्रोटॉन-इलेक्ट्रॉन खरोखर बांधले की हायड्रोजन होतो, आणि तो बेरजेपेक्षा १३.६ ईव्हीने (ईव्ही म्हणजे एमईव्हीचा दहा लाखावा भाग) हलकाच भरतो. शिवाय फ्लोरिन-१८ मध्ये प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, निघतो. मग प्रोटॉनच्या पोटात न्यूट्रॉन आहे म्हणायचं का?

इलेक्ट्रॉन आत नसतोच, तो त्या क्षणी तयार होतो, सोबत अँटिन्यूट्रिनो नावाचा अगदी हलका, भार नसलेला कण. न्यूट्रॉन क्वार्क नावाच्या कणांचा बनलेला असतो, त्यातला एक 'डाउन' क्वार्क 'अप' होतो, एवढंच आत घडतं.

मी आता अकरावी-बारावीला शिकवते. न्यूक्लियसचा धडा याच वजाबाकीने सुरू करते आणि मधेच उभं राहून विचारणाऱ्या पोरीला आधी बोलू देते. पेपरात येत नाही हे कारण माझ्या वर्गात चालत नाही.

नीटसाठी बंधनऊर्जा (न्यूक्लियसचे कण सुटे करायला लागणारी ऊर्जा) पक्की कर; हाफ लाइफ आणि डिकेची समीकरणं २०२४ पासून नीटच्या या धड्यातून वगळली आहेत.

एक राहिलं. वरचा हिशेब मोकळ्या न्यूट्रॉनचा आहे, तो सरासरी पंधरा मिनिटांच्या आत फुटतो. हीलियममधला फुटत नाही, कारण तिथे बदलून जे न्यूक्लियस बनेल त्याची ऊर्जा आधीपेक्षा जास्त भरते.