पुणे विद्यापीठाच्या आवारात सगळे जण फक्त एमपीएससीचाच अभ्यास करतात, हे खरे आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहणारी मुले एम.ए.ला नावापुरता प्रवेश घेतात, वर्गात फिरकत नाहीत, दिवसभर स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचतात आणि उरलेला वेळ कँटीनवर चहा पिण्यात घालवतात, असे जे सर्रास बोलले जाते त्यात तथ्य किती. मी या आवारात दोन वर्षे अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून राहिलो. २०१४ साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. तेव्हा पाहिलेले आणि अनुभवलेले सांगतो.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांत शिकणारे लाखो विद्यार्थी कागदोपत्री याच विद्यापीठाचे असतात, पण त्यांच्यापैकी बहुतेकांचा गणेशखिंडीतल्या या आवाराशी संबंध एखाद्या प्रमाणपत्रापुरताच येतो. परकीय भाषा शिकणारी मुले तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘रानडे’मध्ये, म्हणजे विद्यापीठाच्याच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असतात. म्हणजे आपण ऐकलेले सगळे समज आवारातल्या विभागांत शिकणाऱ्या काही हजार मुलामुलींबद्दलचे आहेत.

आता एमपीएससीबद्दल. कला आणि सामाजिक शास्त्रांच्या काही विभागांपुरता हा समज बराचसा खरा आहे, हे मी नाकारणार नाही. मात्र त्यामागचे कारण आळस किंवा लबाडी आहे असे जे गृहीत धरले जाते, ते मला कधीच पटलेले नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी येणाऱ्या मुलाला सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेपुरती जागा घ्यावी लागते, शिवाय अभ्यासिकेचे आणि मेसचे पैसे दरमहा वेगळे मोजावे लागतात. कोरडवाहू शेतीच्या जिवावर शिकायला निघालेल्या मुलासाठी वसतिगृहातली खाट आणि जयकर ग्रंथालयातले टेबल हाच त्यातल्या त्यात परवडणारा मार्ग असतो.

वसतिगृहात ‘पॅरासाइट’ हा शब्द आपल्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडेल. स्वतःच्या नावावर खोली नसताना मित्राच्या खोलीत राहणाऱ्याला तो वापरतात, आणि तो इतका रुळलेला आहे की तसे राहणारे स्वतःही तो सहज उच्चारतात. माझ्या खोलीत लातूर जिल्ह्यातला असाच एक मित्र राहत असे. शिक्षण संपलेले असल्यामुळे त्याचा वसतिगृहावर हक्क उरला नव्हता. पहाटे साडेपाचला उठून तो जमिनीवरची गादी गुंडाळून माझ्या खाटेखाली सरकवायचा आणि ग्रंथालय उघडण्याआधी दारात जाऊन उभा राहायचा. मेसचा एकच डबा लावून त्यातल्या दोन पोळ्या तो रात्रीसाठी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत असे. या मुलाने एम.ए. मनापासून केले होते आणि त्याच काळात तो प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ ही पात्रता परीक्षाही उत्तीर्ण झाला होता. (महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा हेच विद्यापीठ घेते.) त्यानंतर त्याला एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याचे काम मिळाले. त्यात सुट्ट्यांच्या महिन्यांत हातात काहीच येत नव्हते, तेव्हा तो पुन्हा पुण्याला आला आणि राज्यसेवेची पुस्तके घेऊन बसला. विषयाची आवड असूनही मुले स्पर्धा परीक्षेकडे का वळतात, याचे उत्तर मला त्या गुंडाळलेल्या गादीत दिसत आले आहे. अशा मुलाला ‘नावापुरता विद्यार्थी’ म्हणणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कँटीनचे म्हणाल, तर ‘अनिकेत’वर गर्दी असते आणि ती अभ्यासाच्या वेळेतही असते. पण चर्चासत्राचा विषय वर्गात कळला नाही म्हणून वरच्या वर्गातल्या कुणाला तरी गाठून समजावून घेण्याची जागाही तीच असते. चहा पिणारी बरीच मुले सकाळी ‘कमवा व शिका’ योजनेतले काम आटोपून आलेली असतात, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

वर्गात कोणी बसत नाही, हे विज्ञान विभागांच्या बाबतीत तर साफ चुकीचे आहे. प्रात्यक्षिके आणि अंतर्गत मूल्यमापन यांतून तिथे सुटका नसते, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळताना मी अनेकदा पाहिले आहेत. याच परिसरात जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. शिवाय ललित कला केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्य शिकणारी मुले आहेत. त्यांच्या तालमी ज्याने संध्याकाळी ऐकल्या आहेत, तो आवारात फक्त चालू घडामोडी पाठ होतात असे म्हणणार नाही.

चारशेहून अधिक एकरांचा झाडीने भरलेला परिसर, त्यामुळे प्रेमी युगुलांच्या आणि भुताखेतांच्या गोष्टीही आपण ऐकाल. मला त्यांत रस वाटला नाही. त्यापेक्षा मुख्य इमारत एके काळी गव्हर्नरचे निवासस्थान होती आणि २२ जून १८९७ च्या रात्री तिथला समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली, ही गोष्ट मला त्या रस्त्याने जाताना नेहमी आठवत असे.

बाहेरच्यांच्या समजांपेक्षा आवारातल्या मुलांनी एकमेकांविषयी करून घेतलेले समज मला अधिक घातक वाटतात. इथे अस्सल पुणेकर थोडेच असतात. बहुतेक जण मराठवाडा, विदर्भ, खानदेश, नगर भागातून आलेले असतात, आणि तरीही सहा महिन्यांत कितीतरी मुले ‘का’ऐवजी आपले ‘काहून’ म्हणायचे सोडून देतात. जो गप्प बसतो तो ढ, असा शिक्का फार लवकर बसतो. आमच्या वर्गात यवतमाळकडचा एक मुलगा इंग्रजीत निबंध वाचताना तिसऱ्या ओळीला अडखळला आणि थांबला. सरांनी त्याला कागद मिटायला लावून “मराठीत सांग, कापसाचं तुझ्याइतकं इथे कोणाला माहीत नाही,” असे म्हटले. त्यानंतर तो हमीभाव, जिनिंग आणि सावकारी यांवर चाळीस मिनिटे बोलला, आणि वर्गात कोणीही घड्याळाकडे पाहिले नाही.

आपण प्रवेशाचा विचार करत असाल, तर ज्या विभागात जायचे आहे तिथे एखाद्या कामकाजाच्या दिवशी स्वतः जाऊन वेळापत्रक पाहावे आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी बोलावे, कारण विभागागणिक वातावरण पूर्णपणे बदलते. वसतिगृहाची चौकशीही त्याच फेरीत करून घ्यावी. प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळाली असे इथे नसते.