मोटारसायकल आणि मोटार, दोन्हींसाठी एकच टॉर्क पाना पुरेल का?

आपण अंबाजोगाईहून विचारले आहे की, १५० सीसीची मोटारसायकल आणि छोटी मोटार यांची देखभाल घरीच करायची झाल्यास कोणता टॉर्क पाना घ्यावा आणि एकाच पान्यात भागेल का. टॉर्क पाना म्हणजे नट-बोल्ट ठरावीक जोरानेच आवळण्यासाठीचा पाना; हा पिळाचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. माझ्या मते एकात भागत नाही. आणि तूर्त एकच घ्यायचा असेल, तर लहान पाना आधी घ्यावा.

दुकानदार बहुधा ४० ते २१० न्यूटन-मीटरचा अर्धा इंची (हे सॉकेट बसते त्या चौकोनी टोकाचे माप) पाना पुढे करतो. मोटारीच्या चाकांचे नट साधारणपणे ८० ते १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असल्याने तिथे तो उत्तम आहे. मोटारसायकलच्या इंजिनावरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट मात्र जेमतेम १० न्यूटन-मीटरचे आणि ऑइलचा (इंजिनातले ऑइल काढण्याचा) बोल्ट बहुतेक गाड्यांत २० ते ३०चा असतो. हे आकडे त्या पान्यावर लावताच येत नाहीत. शिवाय लावलेला आकडा गाठताच ‘टक’ आवाज करणाऱ्या पान्याची अचूकता, जी सहसा अधिक-उणे ४ टक्के सांगितली जाते, ती कमाल आकड्याच्या २० टक्क्यांपासून पुढेच धरतात.

नुकसान होते ते याच लहान बोल्टांवर. चार वर्षांपूर्वी मी ऑइलचा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळला. पोलादी बोल्टाला काही झाले नाही, पण इंजिनाच्या ॲल्युमिनियमचे आटे त्याच्याबरोबर उपटून आले आणि हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवण्यासाठी गाडी टेम्पोत घालून वसमतहून नांदेडला न्यावी लागली. म्हणून पहिला पाना ३/८ इंची, ५ किंवा १० पासून ५०च्या आसपास जाणारा असावा. मागच्या चाकाच्या आसाचा नट आणि मोटारीची चाके यांसाठी मोठा पाना नंतर घेतला तरी चालेल.

घेताना पान्याच्या क्रमांकासह कॅलिब्रेशनचे (अचूकता तपासल्याचे) प्रमाणपत्र आहे का, ते पाहावे. टॉर्क पान्यांच्या आयएसओ ६७८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ५००० वेळा वापरल्यावर किंवा वर्षभराने तपासणी करायची असते. घरगुती वापरासाठी दोन-तीन वर्षांनी केली तरी मला पुरेसे वाटते. आपल्या भागात त्यासाठी छत्रपती संभाजीनगर सोयीचे आहे, कारण वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे तिथे हे काम नेहमीचे आहे.

या पान्याने नट कधीही सोडवू नये, पहिल्या ‘टक’ला थांबावे आणि काम झाल्यावर पाना त्याच्या किमान आकड्यावर आणून ठेवावा. मॅन्युअलमध्ये वेगळे सांगितले नसेल, तर आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत. तेल लागले की घर्षण घटते आणि त्याच आकड्याला बोल्ट प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, त्यांना ९.८ने गुणावे. आपल्या दोन्ही गाड्यांचे असे आकडे आधी एका कागदावर उतरवून घ्या आणि तो कागद घेऊनच दुकानात जा.