पाचांतला एक

प्रिय मावशी,

आम्ही सहा वर्षं तोक्योत, निशिकासाईला राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, चाळिशीला आलाय. दारू नाही, सिगरेट नाही, पण गंडमच्या, म्हणजे एका जपानी कार्टून मालिकेतल्या रोबोंच्या, सुटे भाग जोडून करायच्या मॉडेल्सचा नाद आहे. दर महिन्याला हातखर्चाच्या पैशातून अकिहाबाराच्या बाजारातून एक तरी खोका घरी येतो. शनिवारी जेवणं झाली की हा टेबलावरचा दिवा लावून चिमटे-कटर घेऊन बसतो, तो रात्री एक वाजेपर्यंत. दोन खोल्यांचं घर, त्यात अंथरुणांच्या कपाटात निम्मे खोकेच. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "लहानपणी दिवाळीचा किल्ला करायला बसला की जेवायला उठायचा नाही, अजून तस्साच आहे." सगळे हसले, मला लाज वाटली. मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाऊ आणि वहिनी नाशिकहून आले होते. आठ वर्षांच्या भाच्यानं हट्ट धरला म्हणून मी एक पांढरा रोबो त्याला देऊन टाकला. तसले पाच आहेत याच्याकडे. हा काही बोललासुद्धा नाही, जागा मात्र तशीच रिकामी ठेवली आहे. आता सांगा, अशा माणसाला जबाबदारीची जाणीव कशी करून द्यायची? निम्मे खोके विकायला लावले तर चालेल का?

तुमची निशिकासाईची वाचक

———

अगं, खोके विकायचं काय ते मागून बघू. आधी नाशिकला फोन कर आणि तो रोबो परत मागव.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. हातखर्च, कपाट, सासूबाई, सगळं सविस्तर लिहिलंस आणि जे खरं घडलं ते अर्ध्या ओळीत उरकलंस. 'जागा मात्र तशीच रिकामी ठेवली आहे.' ज्या घरात अंथरुणं ठेवायची पंचाईत, जिथं न उघडलेले खोके रचून ठेवलेत, तिथं त्या माणसानं मे महिन्यापासून वीतभर जागा मोकळी सोडली आहे. शेजारचा रोबो चार बोटं सरकवायला त्याला कितीसा वेळ लागला असता? तू म्हणतेस तो काही बोलला नाही. तो रोज बोलतोय, आणि तू रोज त्या फळीवरून फडकं फिरवतेस.

'तसले पाच आहेत' हे वाक्य मला खटकलं, पण मला त्यातलं कळत नव्हतं. म्हणून आमच्या इमारतीतल्या एका मुलाकडे गेले. इंजिनिअरिंगला आहे, तोही गंडमची मॉडेल्स करतो. त्याला सांगितलं, एकाकडे पाच सारखेच आहेत. तो म्हणाला, "सारखे कसे असतील काकू? स्केल कोणता, ग्रेड कोणता?" मग त्यानं मला बसवून समजावलं. गोष्टीतला मूळ पांढरा गंडम १८ मीटर उंच. तो १/१४४ मापात केला तर साडेबारा सेंटिमीटरचा होतो, १/१०० मध्ये १८ चा, १/६० मध्ये ३० चा. ही मॉडेल्स बनवणाऱ्या बांदाई कंपनीनं पहिला १/१४४ काढला १९८० च्या जुलैत, ३०० येनला. तो डिंकानं जोडायचा आणि रंग आपला आपण द्यायचा. मग ग्रेड, म्हणजे वेगवेगळ्या प्रतीच्या मालिका, निघाल्या: १९९० मध्ये हाय ग्रेड, १९९५ मध्ये मास्टर ग्रेड, १९९८ मध्ये परफेक्ट ग्रेड, २०१० मध्ये रिअल ग्रेड. रोबो तोच, पण प्रत्येक वेळी सांधे नव्यानं विचार करून केलेले. गुडघा किती वाकतो, मूठ कशी मिटते, इथपर्यंत फरक. पाच असतील तर ते पाच वेगळे आहेत, आणि त्यातला कोणता गेला हे त्याला पाठ आहे. तुला माहीत आहे का?

मग त्या मुलानं माझ्या हातात निपर, म्हणजे बारीक कटर, दिला. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले असतात, तिला रनर म्हणतात. एकदा लांबून कापायचं, मग उरलेला ठोंब जवळून. घाईनं एकाच घावात कापलं तर तिथं पांढरा डाग उठतो आणि तो जात नाही. नंतर पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. नखाएवढा एक तुकडा नीट करायला मला वीस मिनिटं लागली, आणि असे शेकडो. पुढे खाचांमध्ये शाईची केसाएवढी रेघ भरायची. मग पाण्यात भिजवलेली आकड्यांची नक्षी चिमट्यानं सरकवून बसवायची. शेवटी मॅट स्प्रे, तोही कोरड्या दिवशी, कारण पावसाळी हवेत मारला तर त्यावर पांढुरकी झाक धरते. तुमच्याकडे जूनमध्ये तो स्प्रेचा डबा तसाच पडून राहत असेल बघ.

हे सगळं तुझ्यापासून दहा पावलांवर, दर शनिवारी चाललेलं होतं. किती शनिवार त्या एका रोबोत गेले, हे तू मला लिहायला हवं होतंस.

सासूबाईंच्या बोलण्याची तुला लाज वाटली. मला त्यांचं कौतुक वाटलं, त्यांनी आपला मुलगा बरोबर ओळखलाय. दिवाळीत पोरानं किल्ला केला, बुरूज चढवले, हळीव पेरले, मावळे मांडले, तर कुठली आई म्हणते की अंगणात माती पुष्कळ आहे, हा बुरूज शेजारच्या बाळ्याला देऊन टाकू? त्या घरात त्याचा किल्ला कुणी उचलला नाही. तो आता तुझ्या घरात आहे.

आणि 'खेळणी' म्हणायचंच असेल तर हेही ऐक. ही गंडमची मालिका १९७९ मध्ये जपानी टीव्हीवर आली, पैसा खेळण्यांच्या कंपनीचा होता. दिग्दर्शक योशियुकी तोमिनोनं त्यात रोबोंच्या मारामारीऐवजी युद्ध दाखवलं. समोरचा शत्रूही माणूसच, मरणारेही आपल्यासारखेच. लहान मुलांनी फारसं पाहिलं नाही, आणि १९८० च्या जानेवारीत ४३ भागांवर ती ठरल्यापेक्षा आधीच गुंडाळली गेली. तिला जिवंत ठेवलं ते थोड्या मोठ्या पोरांनी. पुन्हा पुन्हा पाहून, आणि ती ३०० येनची मॉडेल्स रात्र रात्र जोडून. २००९ मध्ये तुमच्याच शहरात, ओदाइबाला, १८ मीटरचा पुरा गंडम उभा केला होता. त्याच्या पायाशी मान वर करून उभे राहिलेल्यांत चाळिशीतले कमी नसणार.

पैशाचं म्हणशील तर हातखर्चातून करतो हे तूच लिहिलंस. विषय संपला.

आता तुझ्या डोक्यात काय येईल ते मला दिसतंय. योदोबाशीच्या दुकानात जाऊ, तसलाच नवा खोका आणू, गुपचूप त्या जागी ठेवू. अजिबात नको. दुकानातला खोका म्हणजे नुसतं प्लास्टिक. त्याला परत तेवढे शनिवार द्यायला लावशील, आणि वर दाखवून देशील की काय गेलं ते तुला अजूनही कळलेलं नाही. नवा खोका घ्यायचाच तर भाच्यासाठी घे. बांदाईची एंट्री ग्रेड नावाची मालिका आहे, त्यात हाच गंडम मिळतो. त्याचे भाग हातानंच सुटतात, निपर लागत नाही, डिंक लागत नाही, आठ वर्षांच्या मुलाला जमेल. तो निवडायला नवऱ्याला सांग. पोराला हवा होता रोबो, त्याला स्वतःच्या हातानं जोडलेला मिळू दे. तुझ्या नवऱ्याचा मात्र तोच परत यायला हवा, फुटका-तुटका असला तरी तोच.

तो तुटला असणार हे धरूनच चल. गंडमच्या कपाळावर दोन पिवळे तुरे असतात ना, त्यांच्या टोकाला मुलांना टोचू नये म्हणून बऱ्याच मॉडेल्समध्ये जास्तीचं प्लास्टिक ठेवलेलं असतं. मन लावून करणारे लोक ते घासून टोक बारीक काढतात. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात ती टोकं टिकत नाहीत. म्हणून भावाला रागावू नकोस, त्याच्या पोराचाही काही दोष नाही. दिलं ते तू, न विचारता.

नवऱ्याला कुरिअर यायच्या आधी सांग. खोका दारात आल्यावर त्याला चकित करायचं वगैरे मनात आणू नकोस, त्यात सगळं कौतुक तुझ्याकडे येतं. साधं सांग, "मी तुझा रोबो तुला न विचारता दिला, चुकलं माझं, परत मागवलाय." तो म्हणेल, जाऊ दे गं. ते तो मे महिन्यापासून म्हणतोच आहे, तेव्हा तेवढ्यावर थांबू नकोस. त्याला विचार, तो पाचांतला कितवा होता आणि कधी केलेला. मग गप्प बसून ऐक. वेळ लागला तरी चालेल, शनिवार त्याचाच असतो.

कपाटातल्या खोक्यांचं भांडण तुझं खरं आहे, अंथरुणांना जागा हवीच. रोबो फळीवर परत आला की ते खुशाल भांड. जपानीत अशा न उघडलेल्या ढिगाला त्सुमिपुरा म्हणतात, त्याला शब्द ठाऊक असेल. त्याच्यासमोर तोच शब्द वापर, निदान 'पसारा' तरी म्हणू नकोस.

फोन आजच कर. नाशिकला साडेतीन तास मागे आहे, वहिनी संध्याकाळी मोकळी सापडेल. तिला सांग, हात-पाय ओढून काढू नका, आहे तसा मऊ कापडात गुंडाळा आणि घट्ट खोक्यात भरा. तुटलेलं जे काही सोफ्याखाली, खेळण्यांच्या टोपलीत सापडेल ते शोधून, कितीही बारीक असो, वेगळ्या पुडीत बांधून पाठवा. आणि हे दोनदा सांग, कारण ती प्रेमानं नेमकं हेच करायला जाईल: फेविक्विक लावू नका. त्यानं प्लास्टिकवर पांढरी झाक येते. जोडायचं ते तो जोडेल.

तुझी मावशी