ताई, सांगा ना!

प्रश्न : शेताकडे जाणारी आमची पांदण पावसाळ्यात चिखलानं बंद होते, खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात. तहसीलवर मोर्चा नेला, पेपरात फोटो आला, रस्ता तसाच. वरून गावकरी म्हणतात, 'नेतेगिरी करतो.' चांगला कार्यकर्ता कसा असतो?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, फोटोचं सांगितलंत, निवेदनाच्या पोचपावतीचं नाही. आवक क्रमांक अन् शिक्का नसेल, तर कार्यालयाच्या लेखी तुम्ही आलाच नव्हता. पोच असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा, निवेदनाचं काय झालं? 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गावनकाशाही काढून ठेवा. बऱ्याच पांदणी धुऱ्याशेजारच्या (बांधालगतच्या) आपल्याच भावकीनं खाल्लेल्या असतात. तिथं घोषणा चालत नाहीत, ओसरीवर बसून चहा प्यावा लागतो. खरी परीक्षा तिथंच!

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. वनहक्क कायदा 2006 चा, गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला 2009 मध्ये, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी 2011 पर्यंत भांडावं लागलं. कायदा आपल्या पायानं गावात येत नाही. तिथल्या लोकांनी अभ्यासगट करून कायदा वाचला, ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय घेतले.

नेतेगिरीचं म्हणाल, तर पुढच्या ग्रामसभेत ठराव तुम्ही मांडू नका. पोती वाहणाऱ्या बायांपैकी कोणाला तरी मांडू द्या. अन् ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात मागून घ्या.