देवाकडे तक्रार केली तर विश्वास कमी होतो का?

"मॅडम, प्रार्थनेला बसले की तोंडातून नुसती तक्रार निघते. माझा विश्वास संपला का?" ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे बरेचदा येतो. मोहननगरच्या एका ताईंनी तो विचारला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), तेव्हा त्यांच्या यजमानांचं मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात डायलिसिस सुरू होतं. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक प्रेमाने येत, "विश्वास ठेवा ताई" म्हणत. ताई मान डोलवत. हळूहळू त्यांनी प्रार्थनाच सोडली.

मी आधी झोप, जेवण आणि जीव नकोसा वाटतो का, हे थेट विचारलं. बायबलातलं स्तोत्र त्यानंतर. तसे विचार नव्हते, पण बाई पार थकली होती.

मग स्तोत्र 13 उघडलं. सहाच वचनं, म्हणजे श्लोक. पहिल्या दोनांतच स्तोत्रकर्ता दावीद राजा देवाला चारदा विचारतो, कोठवर? मला विसरणार कोठवर, तोंड लपवणार कोठवर, मी हे दुःख वागवू कोठवर, शत्रू वरचढ राहणार कोठवर? ताई थबकल्या. "हे बायबलात आहे?" धीर देणारं 23वं स्तोत्र त्यांना लहानपणापासून पाठ, हे कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं. खरं तर 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, आणि 88वं तर अंधारातच संपतं. रडणाऱ्याला तिथे कुणी गप्प करत नाही.

पाचव्या वचनात दाविदाचा भरवसा बोलतो. तोवर शत्रू हरल्याचं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. त्या वचनाकडे घाई करू नका, असं मी सांगितलं. आधी स्वतःचे 'कोठवर' लिहा.

त्यांनी लिहिलं: मुलीच्या फीची काळजी कोठवर? यांच्यासमोर खोटं हसणं कोठवर? देवा, तुझं गप्प राहणं कोठवर?

ते त्यांनी यजमानांना वाचून दाखवलं. त्यांनी खाली आपली ओळ जोडली: हिला माझ्यापायी हा त्रास कोठवर? त्या रात्री दोघं कितीतरी दिवसांनी मोकळं बोलले, रडले, आणि सोबत प्रार्थना केली. माझ्या मते आशा तिथूनच सुरू झाली, आजार तसाच असताना.

पुढे ताईंनी मंडळीला स्पष्ट सांगितलं, "शनिवारी यांच्याजवळ कुणीतरी बसा, मला झोपायचंय." आता आळीपाळीने लोक जातात.

तुमचीही प्रार्थना तक्रारीपाशी अडली असेल, तर ती तशीच देवासमोर मांडा. आणि जगणंच नको वाटत असेल, तर आजच घरच्या कुणाला सांगा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.