‘बर्फावरील हिम’ म्हणजे काय?

‘क्रायोसॅट उपग्रहाच्या बातमीत “बर्फावरील हिमाची जाडी” असं वाचलं. हिम म्हणजेच बर्फ ना?’ असा प्रश्न आला आहे.

रोजच्या बोलण्यात हो. काश्मिरात पडतो तोही बर्फ आणि मासळीबाजारात लादी फोडून टाकतात तोही बर्फच. मूळ फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आभाळातून पडणारा तो. गोठलेल्या पाण्याला तिकडे ‘यख’ म्हणतात. मराठीत एकाच शब्दावर दोन्हींचं भागतं. त्यात चूक काहीच नाही, पण उपग्रहाच्या मोजणीत तेवढ्यावर भागत नाही.

युरोपीय अवकाश संस्थेचा क्रायोसॅट-२ हा उपग्रह एप्रिल २०१० पासून सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून रडारच्या लहरी खाली सोडतो आहे. लहर परत यायला किती वेळ लागला, यावरून अंतर कळतं. ध्रुवीय समुद्रावरच्या बर्फाला भेगा पडतात. त्यांतलं संथ पाणी आरशासारखं चमकतं, म्हणून पाण्याची पातळी लगेच ओळखू येते. शेजारचा बर्फ त्या पातळीच्या किती वर आहे ते मोजायचं आणि त्यावरून पूर्ण जाडी काढायची, कारण पाण्याबाहेर असतो तो जेमतेम दहावा हिस्सा.

आता त्या बर्फावर हिम साचलेलं असतं. ते कोरडं असेल तर रडारची लहर बरीचशी त्यातून आरपार जाऊन खालच्या बर्फावरून परतते. (ओल्या हिमात तसं होत नाही, म्हणून उन्हाळ्यातली मोजणी फार अवघड.) नासाच्या आइससॅट-२ या उपग्रहाचा लेसर मात्र हिमाच्या माथ्यावरूनच परततो. दोन्ही उंचींची वजाबाकी केली की हिमाची जाडी मिळते. दोघांचे मार्ग वरचेवर जुळावेत म्हणून २०२० साली क्रायोसॅटची कक्षा मुद्दाम बदलली.

समजा, पाण्यावर ३० सेंटिमीटर दिसतंय. तो सगळा बर्फ धरला तर जाडी निघते सुमारे २.९ मीटर. पण त्यातलं वरचं २० सेंटिमीटर हिम असेल, तर हिमाच्या भाराने बर्फ थोडा खाली दबतो हे धरून तो भरतो साधारण दीड मीटर! शब्दांची सरमिसळ झाली की आकडा जवळजवळ दुपटीने चुकतो. म्हणून अशा मजकुरात पडून साचलेलं ते ‘हिम’ आणि पाणी गोठून झालेला तो ‘बर्फ’, हा भेद मला आवश्यकच वाटतो.

‘हिमनदी’ आणि ‘हिमनग’ या शब्दांत हिम असलं तरी वस्तू घट्ट बर्फाच्याच आहेत. ते शब्द रुळलेले आहेत, बदलायचं कारण नाही. मात्र समुद्राचं पाणी गोठून तयार झालेल्या थराला ‘हिमनग’ म्हणू नये. हिमनग हा जमिनीवरच्या हिमनदीचा तुटून समुद्रात आलेला तुकडा. या थराला सरळ ‘सागरी बर्फ’ म्हणावं.