भिंतीत पेंढा किती घालावा?

प्रश्न : जुन्नर तालुक्यात शेतावर दोन खोल्यांचे घर बांधायचे आहे. आजोळचे मातीचे घर भर उन्हाळ्यातही गार असे. मातीत पेंढा भरपूर मिसळला, तर भिंती त्याहून गार राहतील का? पावसापुढे आणि वाळवीपुढे त्यांचा निभाव लागेल का?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : आपल्या आजोळचा गारवा पेंढ्याचा नव्हता, तो भिंतीच्या जाडीचा आणि वजनाचा होता. दाट मातीचा एक घनमीटर 1700 ते 2000 किलो भरतो. अशी हात-दीड हात जाडीची भिंत दिवसभर ऊन पिते आणि ती ऊब आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. चिखलातला भुसा तडे जाऊ नयेत म्हणून असे. उष्णता खरोखर अडवते ती काडाच्या पोकळीत आणि काडांच्या मधे अडकलेली हवा. म्हणून उष्णतारोधक भिंतीत प्रमाण उलटे होते, भिंत काडाचीच असते आणि माती तिला केवळ सांधून धरते. जर्मनीत अशा मिश्रणाला ‘हलकी माती’ म्हणतात. वाळल्यावर घनमीटरला 600 किलो भरणाऱ्या मिश्रणातून दाट मातीच्या मानाने साधारण पाचवा हिस्साच उष्णता वाहते.

मात्र ही भिंत छपराचा भार पेलत नाही. आधी लाकडी खांब-तुळया उभ्या कराव्या लागतात. फ्रान्समधील नॉर्मंडी आणि इंग्लंडमधील डेव्हन या जुन्या मातीच्या घरांच्या मुलखांत अलीकडे भार पेलणारा दाट थर आणि त्याला लागून हलका थर असा मेळ एकाच भिंतीत घातला गेला आहे.

कृतीत सगळे लक्ष पाण्यावर हवे. चिकट माती रात्रभर भिजवून गाळावी आणि सायीइतकी दाट ठेवावी; बोट बुडवून काढल्यावर कातडीच्या रेघा दिसता कामा नयेत. ती कोरड्या काडावर शिंपडून खालीवर करावे. प्रत्येक काडी माखली पाहिजे, पण मूठ आवळल्यावर पाणी गळू नये. फळ्यांच्या साच्यात थर कडेला घट्ट आणि मधे हलक्या पायाने दाबावा, कारण फार तुडवले की ज्या हवेसाठी हा खटाटोप केला तीच निघून जाते. हिरवे गवत घालू नये, ते कुजते. जाडी 30 सेंटिमीटरपुढे नेऊ नये, साचा लगेच काढावा आणि दोन्ही अंगांनी वारा लागू द्यावा. वाळायला महिने लागतात, म्हणून काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावे.

भिंत आतपर्यंत वाळल्यावर गिलावा मातीचा किंवा चुन्याचाच करावा. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडते आणि काड आतून कुजते. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश असल्याचे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. शतकानुशतके ते टिकले; पण तिथे पावसाचा मारा थेट बसत नाही, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याकडे पाऊस भिंतीपासून दूर ठेवण्याचे काम दोन फूट उंच दगडी जोते आणि रुंद वळचण करतील. जोत्याचा दर्शनी भाग मोकळा ठेवावा, म्हणजे वाळवीची मातकट वाट वर चढताना दिसते आणि वेळीच मोडता येते.

जुन्नरकडे उन्हाळ्यातही रात्री गारवा येतो, त्यामुळे सगळ्या भिंती हलक्या करण्याचा सल्ला मी देणार नाही. पश्चिमेची भिंत, जिच्यावर दुपारचे ऊन पडते, ती काडाची करावी आणि बाकीच्या दाट मातीच्या. छप्पर पत्र्याचे असेल, तर काड-मातीचा पहिला थर पत्र्याखालच्या माळ्यावर घालावा. पत्रा उघडा राहिला, तर भिंतींवर केलेली मेहनत फारशी जाणवणार नाही.